धूर म्हणजे न जळलेले लाकूड : तळघरातील फर्नेस समजून घेताना

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील मेन राज्यात साधारण निम्मी घरे आजही हिवाळ्यात खनिज तेल जाळून ऊब मिळवतात. २०२२ च्या वसंत ऋतूत, युक्रेनवरील आक्रमणानंतर, त्या भागात या तेलाचा भाव गॅलनला ५ डॉलरच्या पुढे गेला आणि तळघरात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या, लाकूड जाळून घरभर गरम हवा पुरवणाऱ्या भट्टीकडे, म्हणजे फर्नेसकडे, अनेकांचे पुन्हा लक्ष गेले. शेजारच्या व्हरमाँटमध्ये तर दर सहा-सात घरांपैकी एक घर मुख्यतः लाकडावरच तापते. नोकरीच्या निमित्ताने या थंड प्रदेशात जाऊन जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबालाही अशी फर्नेस कधीकधी घराबरोबर आंदण मिळते. मग हे लोखंडी धूड चालवायचे कसे, त्यापासून घराला धोका किती, आणि मुळात इतका खटाटोप करावाच का, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. हा लेख पहिल्या दोन प्रश्नांसाठी आहे. तिसऱ्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या पाठीच्या कण्याला विचारून ठरवावे, कारण एका हिवाळ्याचे सरपण म्हणजे काही टन ओझे असते आणि ते कोणी ना कोणी उचलावे लागते.

## बंब ओळखीचा असेल, तर फर्नेसही ओळखीची आहे

तांब्याच्या बंबाची रचना आठवून पाहावी. मधल्या नळीत जाळ असतो आणि तिच्याभोवती पाणी असते. जाळ आणि पाणी एकमेकांना कधीही भेटत नाहीत, फक्त नळीच्या पत्र्यातून उष्णता पलीकडे जाते. फर्नेसमध्ये पाण्याच्या जागी हवा असते, एवढाच मुख्य फरक. जाड पोलादी अग्निपेटीभोवती पत्र्याचे मोठे आवरण असते, त्या दोहोंच्या मधल्या जागेतून घरातली हवा फिरते, तापते आणि एका मोठ्या पंख्याच्या, म्हणजे ब्लोअरच्या, जोरावर पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत पोहोचते. धूर मात्र स्वतंत्र वाटेने धुराड्यात जातो. ब्लोअर कोणी चालू-बंद करावा लागत नाही. आवरणातली हवा पुरेशी तापली की तो आपोआप सुरू होतो आणि ती निवली की थांबतो, त्यामुळे पेटवल्यावर पहिली काही मिनिटे खोल्यांत वारा आला नाही म्हणून घाबरण्याचे कारण नसते.

बंब पेटवण्याची सवय येथे उपयोगी पडते, पण एका मर्यादेपर्यंतच. बंब परसात किंवा न्हाणीघरात तासभर जळतो आणि त्याचे काम संपते. फर्नेस ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, रात्रंदिवस, खिडक्या घट्ट लावलेल्या घराच्या पोटात जळते. बंबाच्या बाबतीत जी चूक थोड्या धुरावर आणि डोळ्यांतल्या पाण्यावर निभावते, तीच चूक येथे सहा महिने साचत राहते.

## लाकूड जळते, म्हणजे नेमके काय जळते?

आपण सहज म्हणतो की लाकूड जळते, परंतु ज्वाला लाकडाची नसते. फर्नेसमध्ये टाकलेल्या ओंडक्यातले पाणी प्रथम उडून जाते आणि ते उडेपर्यंत त्या भागाचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर चढत नाही. त्यानंतर, साधारण अडीचशे अंशांच्या पुढे, लाकूड उष्णतेने आतून फुटू लागते आणि त्यातून ज्वलनशील वायू व डांबरासारखी वाफ बाहेर पडते. हे वायू पुरेशा हवेत मिसळून सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापले, तरच पूर्णपणे जळतात आणि आपल्याला ज्वाला दिसते. वायू निघून गेल्यावर उरतो तो कोळसा. तो ज्वालेशिवाय, लाल निखारा होऊन सावकाश जळतो.

आता महत्त्वाची गोष्ट. लाकडातील निम्म्याहून अधिक ऊर्जा या वायूंमध्ये असते. ते न जळता धुराड्यातून निघून गेले, तर विकत घेतलेल्या सरपणाचा मोठा वाटा आपण आकाशात सोडून दिला, असाच त्याचा अर्थ होतो. मेणबत्ती विझवल्यावर वातीतून जी पांढरी रेघ वर चढते, तिला पेटती काडी लावली की ज्योत त्या रेघेवरून खाली उडी मारून वात पुन्हा पेटवते. धूर हे इंधनच आहे याचा याहून सोपा पुरावा नाही. धुराड्यातून दाट, निळसर किंवा करडा धूर येत असेल, तर फर्नेस चांगली चालू आहे असे समजू नये. चांगल्या जाळाच्या वेळी धुराड्याच्या तोंडाशी जवळपास काहीच दिसत नाही. कडाक्याच्या थंडीत फार तर पाण्याची पांढरी वाफ दिसते आणि ती थोड्याच अंतरावर विरून जाते.

पुढे जे काही सांगायचे आहे, ते सारे या एका गोष्टीतून निघते.

## सरपण सुके आहे, हे विक्रेत्याने सांगून चालत नाही

नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात साधारण निम्मे पाणी असते. जाळण्यास योग्य सरपणात ते २० टक्क्यांच्या खाली असावे लागते. दहा किलो ओले लाकूड घेतले, तर त्यात पाच लिटर पाणी असते आणि त्याची वाफ करण्यासाठी उरलेल्या पाच किलो लाकडातील जवळजवळ १४ टक्के उष्णता खर्ची पडते. सुक्या लाकडात हाच खर्च तीन-चार टक्क्यांवर येतो. कागदावरचा हा हिशेब वाचून एखादा म्हणेल, दहा टक्क्यांचाच प्रश्न आहे, थोडे जास्त लाकूड टाकू. खरे नुकसान मात्र या हिशेबात दिसत नाही. वाफ होणारे पाणी अग्निपेटी थंड ठेवते, त्यामुळे वायूंना लागणारे सहाशे अंश मिळतच नाहीत आणि निम्म्याहून अधिक ऊर्जा घेऊन ते तसेच निसटतात. ओल्या जळणाने चूल धुमसते, फुंकणी घेऊन बसावे लागते आणि भात काही शिजत नाही, हा अनुभव आपल्या आज्यांना होता. त्यामागचे कारण हेच.

ओल मोजण्यासाठी दोन सुया असलेले छोटे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ते ओंडक्याच्या जुन्या, बाहेरून वाळलेल्या टोकाला लावले तर फसवे उत्तर देते. ओंडका फोडून, आतल्या ताज्या बाजूवर सुया टोचाव्यात. ओकसारखे दाट लाकूड फोडून रचल्यावर वाळायला दोन उन्हाळे सहज लागतात. मेपल किंवा बर्च त्याहून लवकर वाळते. न फोडलेला ओंडका सालीच्या आत ओल धरून ठेवतो, म्हणून तोडण्याच्या तारखेपेक्षा फोडण्याची तारीख महत्त्वाची. ढीग जमिनीवर न रचता लाकडी फळ्यांवर रचावा, वरून झाकावा आणि बाजू उघड्या ठेवाव्यात. ताडपत्रीत सगळीकडून गुंडाळलेले सरपण वाळत नाही, कुजते.

तेथे सरपण ‘कॉर्ड’ या मापाने विकले जाते. नीट रचलेला चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब ढीग म्हणजे एक कॉर्ड, अर्थात १२८ घनफूट. ट्रकमधून अंगणात ओतलेला ढीग नेहमी मोठा दिसतो. मोजायचा तो रचल्यावर. सरपण जवळच्या भागातलेच घ्यावे, याला आणखी एक कारण आहे. २००२ साली मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सापडलेला एक हिरवा भुंगेरा तेव्हापासून कोट्यवधी ॲश वृक्ष मारत पसरला आहे, आणि तो दूरवर पोहोचला त्यात गाड्यांमधून नेलेल्या सरपणाचा मोठा हात आहे. (इंग्रजीत या झाडाचे नाव आणि राख यांसाठी एकच शब्द आहे, हा योगायोग सरपण जाळणाऱ्याला खटकल्याशिवाय राहत नाही.)

## पाइन जाळले की धुराडे पेटते, हे खरे का?

हा समज इतका पक्का आहे की अनेक जण पाइनचे लाकूड फुकट मिळाले तरी घेत नाहीत. वास्तविक वजनाला वजन पाहिले, तर सुके पाइन आणि सुके ओक जवळपास सारखीच उष्णता देतात. पाइन हलके असल्यामुळे तेवढ्याच उष्णतेसाठी अग्निपेटी अधिक वेळा भरावी लागते, इतकेच. धुराड्यात जमणारा थर लाकडातल्या राळेपेक्षा ओलीमुळे आणि गुदमरलेल्या जाळामुळे अधिक वाढतो. ओले ओक हे सुक्या पाइनपेक्षा कितीतरी वाईट इंधन आहे.

खरोखर टाळायच्या वस्तू वेगळ्या आहेत. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड, प्लास्टिक आणि वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेले लाकूड कधीही जाळू नये. अमेरिकेत २००३ च्या अखेरपर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिक असे, आणि त्या काळातील अंगणातले जुने कुंपण किंवा लाकडी ओटा मोडला की त्याचे तुकडे जाळण्याचा मोह होतो. ते जाळले तर आर्सेनिक काही धुरात जाते आणि काही राखेत उरते.

## ‘रात्री झडप मिटली की सकाळपर्यंत टिकते’

फर्नेसला हवा देणारी झडप मिटली की जाळ मंदावतो आणि लाकूड सात-आठ तास पुरते. झोपण्याआधी अग्निपेटी ठासून भरायची, झडप मिटायची आणि सकाळी निखाऱ्यांवर पुन्हा पेटवायची, ही पद्धत पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. या पद्धतीच्या बाजूने तिचा सोयीस्करपणा सोडला तर सांगण्यासारखे काही नाही.

झडप मिटली, तरी तापलेल्या लाकडातून वायू निघतच राहतात. त्यांना जळायला पुरेशी हवा नसते, म्हणून ते डांबरी वाफेसकट धुराड्यात चढतात. धुराड्याची भिंत साधारण १२० अंशांच्या खाली गेलेली असेल, तर थंड ताटलीवर वाफेचे थेंब धरावेत तसे ते तेथे थिजतात. या थराला क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला तो भुसभुशीत काजळीसारखा असतो आणि ब्रशने निघतो. दुर्लक्ष केले, तर त्याचे कडक पापुद्रे होतात. वारंवार तापून-निवून अखेरीस त्याचे काळे, काचेसारखे चकचकीत पुट चढते आणि ते साध्या ब्रशला दाद देत नाही. मग एखाद्या सकाळी कोणी उत्साहाने पुठ्ठे टाकून मोठा जाळ करतो, ज्वाला धुराड्यात शिरते आणि तो थरच पेट घेतो. आतले तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकते. विटांना तडे जातात आणि भिंतीतले लाकूड पेटू शकते. जवळून आगगाडी जात असल्यासारखा घरघराट हे त्याचे लक्षण आहे. अशा वेळी हवेच्या सर्व झडपा मिटाव्यात, सर्वांनी घराबाहेर पडावे आणि अग्निशामक दलाला बोलवावे. धुराड्यात पाणी ओतू नये. आग आपोआप विझली, तरी तपासणी झाल्याशिवाय ते धुराडे पुन्हा वापरू नये.

मग रात्र काढायची कशी? जाळ मोठा आणि गुदमरलेला ठेवण्याऐवजी लहान आणि तेज ठेवावा. झोपण्यापूर्वी तासभर आधी निखारे दाराच्या बाजूला ओढून घ्यावेत, त्यांच्यामागे दाट लाकडाचे मोठे ओंडके रचावेत आणि ते चांगले ढणढणा पेटल्यावरच हवा थोडी कमी करावी, पूर्ण मिटू नये. एकटा ओंडका नीट जळत नाही, त्याला शेजार लागतो. तीन-चार ओंडके बोटभर फटी ठेवून रचले की ते एकमेकांना तापवत राहतात. धुराच्या नळीवर चुंबकाने चिकटणारा तापमापक लावला तर अंदाजावर भिस्त ठेवावी लागत नाही. एकेरी पत्र्याच्या नळीवर साधारण १२० ते २४५ अंश सेल्सिअस हा बरा पट्टा समजला जातो. पहाटे घर दोन-तीन अंश थंड झाले तर होऊ द्यावे आणि गोधडी घ्यावी.

झडप फार मिटावी लागत असेल, तर दोष बहुधा माणसाचा नसून खरेदीचा असतो. घराच्या गरजेपेक्षा मोठी फर्नेस बसवली की ती कायम गुदमरवूनच चालवावी लागते, आणि ‘थोडी मोठी असलेली बरी’ हा आपला नेहमीचा हिशेब येथे उलटा पडतो.

भरण्यासाठी दार उघडतानाही एक पथ्य पाळावे. आत हवेवाचून वायू साचलेले असताना दार झटक्यात उघडले, तर ते भपकन पेटून तोंडावर येऊ शकतात. आधी हवेची झडप उघडावी, मिनिटभर थांबावे, दार बोटभर किलकिले करावे आणि मगच पूर्ण उघडावे.

## फोडणी आणि फर्नेस

धुराडे धूर ओढते, ते आतल्या गरम वायूच्या हलकेपणामुळे. ही ओढ फार नाजूक असते. फर्नेसच्या सूचनापत्रात दिलेली ओढ बहुधा एक-दीड मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतकीच असते. ती प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून धुराच्या नळीवर वजनाने आपोआप हलणारी एक झडप असते, आणि तिला हात लावू नये.

धुराड्यातून जितकी हवा जाते, तितकी कोठूनतरी घरात यावी लागते. नवी, थंडी आत येऊ नये म्हणून सांधे बुजवलेली घरे इतकी घट्ट असतात की तिला वाटच मिळत नाही. त्यात मराठी स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी बसली की डोक्यावरचा जोरदार पंखा सुरू होतो, तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि बिचाऱ्या धुराड्याला उलटे ओढतो. धूर तळघरात परततो आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही येतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या आपण मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत वाचतो, त्यांतला मारेकरी हाच. म्हणून प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ त्याची सूचना देणारे यंत्र असावे, फर्नेससाठी बाहेरून हवा आणणारी वेगळी नळी असावी, आणि ती नसेल तर फोडणीच्या वेळी एक खिडकी उघडावी. त्याच कारणाने तेलाच्या किंवा गॅसच्या फर्नेसचा धूर आणि लाकडाच्या फर्नेसचा धूर एकाच धुराड्यात सोडू नये.

## वीज गेली तर लाकडाची फर्नेस चालते ना?

लाकूड जळते, पण ब्लोअर थांबतो. उष्णता आवरणात अडकते आणि पत्रा, तसेच जवळपासच्या लाकडी तुळया, नको तितक्या तापू शकतात. म्हणून बर्फाच्या वादळाची सूचना असेल, तेव्हा अग्निपेटी ठासून भरू नये. वीज गेल्यास हवेचा फिल्टर काढून टाकावा, म्हणजे गरम हवेला आपल्या हलकेपणाने वर चढायला वाट मिळते, आणि पुढचा भरणा लहान ठेवावा. प्रत्येक फर्नेसच्या पुस्तिकेत यासाठी निराळ्या सूचना असतात. त्या अंधारात बॅटरीच्या उजेडात प्रथमच वाचण्याची वेळ येऊ देऊ नये.

## राख

लाकडाच्या वजनाच्या जेमतेम एक टक्का राख उरते, पण सरपण टनांनी जळत असल्यामुळे बादल्या भरतातच. जाळीखालची राख वर चढून जाळीला टेकली, तर खालून येणारी थंड हवा बंद होते आणि जाळीचे लोखंड वाकते, म्हणून राखेचा खण वेळेवर रिकामा करावा. राखेत दडलेला निखारा तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. कागदी पिशवीत भरून लाकडी ओट्यावर ठेवलेल्या राखेने घरे जळाली आहेत. घट्ट झाकणाची धातूची बादली घ्यावी आणि ती घरापासून किमान तीन मीटर दूर, मातीवर किंवा फरशीवर ठेवावी. पूर्ण निवलेली राख बागेला चालते, मात्र बेताने, कारण ती बरीच अल्कधर्मी असते.

## शेजाऱ्याची तक्रार रास्त आहे का?

बहुतेक वेळा आहे. लाकडाच्या धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात, आणि दम्याच्या रुग्णाला धूर ‘नैसर्गिक’ आहे या समजुतीचा काही उपयोग नसतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घरगुती लाकडी शेगड्यांवर १९८८ साली पहिल्यांदा मर्यादा घातल्या. घरभर हवा फिरवणाऱ्या फर्नेस मात्र २०१५ च्या नियमांत प्रथमच आल्या आणि मे २०२० पासून नव्या फर्नेससाठी अधिक कडक मर्यादा लागू झाली. हे नियम नव्या विक्रीला लागू आहेत, तळघरातल्या जुन्या फर्नेसला नव्हेत. त्यामुळे जुन्या फर्नेसचा धूर कमी करणे हे सुक्या सरपणावर आणि उघड्या झडपेवर, म्हणजे चालवणाऱ्यावर, अवलंबून राहते. झाड वाढताना शोषलेला कार्बनच जळताना परत जातो, हे म्हणणे जंगल पुन्हा उगवू दिले तरच खरे ठरते, आणि उगवायला काही दशके लागतात. आज रात्री शेजाऱ्याच्या खिडकीत शिरणाऱ्या धुराला मात्र ते उत्तर नव्हे.

## एप्रिलनंतरचे काम

थंडी संपली की फर्नेस तशीच सोडून द्यावीशी वाटते, आणि तिचे आयुष्य नेमके तेथेच कमी होते. राख आणि क्रिओसोट उन्हाळ्यातील दमट हवेतली ओल शोषून घेतात आणि पत्रा आतून गंजू लागतो. शेवटचा जाळ विझल्यावर त्याच आठवड्यात अग्निपेटी, धुराची नळी आणि उष्णता देणाऱ्या आतल्या नळ्या खरवडून कोरड्या कराव्यात, आतल्या विटांना तडे आहेत का ते पाहावे, दाराची दोरीसारखी गादी दबली असल्यास बदलावी. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज ओढून निघाली, तर तेथून हवा शिरते आणि झडपेचा हुकूम चालत नाही. धुराड्याची तपासणी वर्षातून एकदा जाणकाराकडून करून घ्यावी, ती ऑक्टोबरऐवजी मे महिन्यात, कारण ऑक्टोबरमध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या भेटीची वेळ मिळणे कठीण होऊन बसते.

सरपणाचेही तसेच. मे महिन्यात घेऊन फोडलेले ओक येणाऱ्या हिवाळ्यासाठी नव्हे, त्याच्या पुढच्या हिवाळ्यासाठी असते. ढिगावर वर्ष खडूने लिहून ठेवावे.